जुने कपडे निवडताना : पारख कापडाची, हिशेब कात्रीचा

जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण शहरी मराठी घरांच्या चांगल्याच परिचयाची आहे. बोहारणीकडे काय द्यायचे आणि घरात काय राखायचे, याचेही एक शास्त्र होते. आईच्या जरीकाठी लुगड्यातून मुलीचे परकर-पोलके होई, आजीच्या मऊ नऊवारीतून बाळाची दुपटी आणि कुंची शिवली जाई, वडिलांच्या सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटी करून पुन्हा बसवली जाई आणि जे कशालाच उपयोगी नसे ते गोधडीच्या पोटात जाई. कपड्याला दुसरा जन्म देणे आपल्याला नवे नाही.

अलीकडे या जुन्या सवयीला एक नवी बाजू आली आहे. महानगरांतील तरुण मंडळी परक्याचा वापरलेला कपडा पैसे मोजून विकत घेतात आणि त्यातून कुर्ता, जाकीट, झोळी, उशीचा अभ्रा असे काही नवे घडवतात. कोणी हौस म्हणून, कोणी काटकसर म्हणून, तर कोणी पर्यावरणाच्या काळजीने. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी खर्च होते, हा जागतिक वन्यजीव निधीचा अंदाज अनेकांच्या वाचनात आलेला असेल.

मात्र घरचा जुना कपडा आणि विकतचा जुना कपडा यांत एक मोठा फरक आहे. घरच्या कपड्याचा इतिहास घरातल्यांना ठाऊक असतो. तो किती वर्षे वापरला, कशाने धुतला, कोठे फाटला होता, हे सांगावे लागत नाही. विकतच्या कपड्याचा इतिहास मात्र त्याच्या कापडावरूनच वाचावा लागतो. तो न वाचता केलेली खरेदी बहुधा फसते. शिवणकामावर दोन दिवस आणि शिंप्यावर चार पैसे खर्च झाल्यानंतर पहिल्याच धुण्यात कापड विरते. म्हणूनच जुना कपडा घेताना त्याचा घाट, फॅशन किंवा नाममुद्रा दुय्यम मानावी आणि कापडाची पारख आधी करावी.

हा माल येतो कोठून?

जुन्या कपड्यांचा देशी व्यापार प्रामुख्याने गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजाच्या हाती राहिला आहे. या समाजातील स्त्रिया भांड्यांची टोपली घेऊन घरोघर फिरतात. मिळालेल्या कपड्यांची प्रतवारी होते. चांगले कपडे धुऊन, दुरुस्त करून, इस्त्री करून पुन्हा विक्रीला येतात, मध्यम प्रतीचे स्वस्त बाजारात जातात आणि उरलेल्या चिंध्या यंत्रे पुसण्यासाठी कारखान्यांत पोहोचतात. दिल्लीच्या पश्चिम भागातील रघुबीर नगर हे या व्यापाराचे मोठे केंद्र असून तेथील बाजार उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. संशोधिका ल्यूसी नॉरिस यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील या साखळीचा सविस्तर अभ्यास मांडला आहे. मुंबईत चोर बाजार आणि पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजार ही नावे जुन्या वस्तूंच्या शौकिनांना वेगळी सांगायला नकोत.

दुसरा प्रवाह परदेशातून येतो. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत. पूर्णपणे फाडलेल्या लोकरी आणि कृत्रिम धाग्यांच्या चिंध्या आणता येतात. अखंड कपड्यांसाठी मात्र परवाना लागतो. गुजरातेतील कांडला विशेष आर्थिक क्षेत्रात अशा मालाची प्रतवारी होते. हरियाणातील पानिपतमध्ये लोकरी चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे विणतात. ही युक्ती इंग्लंडमधील बॅटली या गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने प्रथम व्यवहारात आणली, असे मानले जाते.

तिसरा प्रकार पदपथांवर सर्रास दिसतो. तो म्हणजे निर्यातीसाठी शिवलेला पण नाकारला गेलेला किंवा शिल्लक राहिलेला माल. तो वापरलेला नसतो. त्यात दोष असलाच तर तो शिवणीचा, रंगाचा किंवा मापाचा असतो. रूपांतरासाठी हा माल उत्तम, कारण वाकडी शिवण उसवता येते. वापरलेल्या कपड्यात दोष कापडाच्या आयुष्याचा असतो आणि तो दुरुस्त होत नाही. म्हणून समोरचा माल या तिहींपैकी कोणता, हे विक्रेत्याला सरळ विचारावे.

कापडाची पारख

पारखीसाठी तीन साधी साधने पुरतात : उजेड, बोटे आणि नाक. खरेदीला शक्यतो दिवसा जावे. पिवळ्या दिव्याखाली डाग आणि उडालेला रंग लपतो.

कपडा उजेडासमोर धरून पाहावा. ज्या जागी प्रकाश अधिक आरपार येतो तेथे सूत झिजलेले असते. त्यानंतर कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या दिशेने, आणि मग बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या दिशेने हलकेच ताणावे. निरोगी कापड ताण सोसते आणि पूर्ववत होते. विरलेल्या कापडाचे धागे एकमेकांपासून सरकतात, बारीक फटी दिसू लागतात. असे कापड गोधडीच्या आतल्या थराला चालेल. अंगावर घालायच्या कपड्यासाठी ते घेऊ नये.

रेशमाबाबत विशेष दक्षता हवी. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेली रेशमी साडी घडीच्या रेषेवर चिरते. शिवाय पूर्वी काही रेशमाला वजन यावे म्हणून धातूंचे क्षार दिले जात. असे रेशीम कालांतराने ठिसूळ होते आणि त्याचा आपोआप चुरा होऊ लागतो. यावर कोणताही उपाय नाही. साडी वरच्या घडीवरून कधीही घेऊ नये, ती पूर्ण उलगडून प्रत्येक घडीवरून बोट फिरवावे.

कापड कोणत्या धाग्याचे, हे ओळखण्यासाठी ज्वलनाची चाचणी सर्वांत भरवशाची. ती दुकानात करता येत नाही. घरी आणल्यावर शिवणीच्या आतील दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून करावी. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ करडी राख उरते. रेशीम व लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरडता येणारा काळा कोळसा उरतो. पॉलिस्टर वितळते, काळा धूर सोडते आणि थंड झाल्यावर कडक मणी बनतो. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात दोन्ही लक्षणे एकत्र दिसतात.

धाग्याची ही माहिती केवळ ज्ञानासाठी नाही. सुती कापड घरच्या घरी रंगवता येते; पॉलिस्टर नेहमीच्या घरगुती रंगांनी रंगत नाही. इतकेच नव्हे, तर सुती शर्ट पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवलेला असेल, तर शर्ट गडद निळा होतो आणि शिवण पांढरीच राहते! पुढे जो कपडा रंगवायचा, त्याची शिवण आधी पाहावी.

हाताने शिवून घेतलेल्या जुन्या कपड्याच्या आत कधीकधी कापडाची मूळ किनार सापडते. जुन्या गिरणी कापडाच्या किनारीवर गिरणीचे नाव छापलेले असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या अनेक गिरण्यांचे धोटे पुन्हा कधी फिरलेच नाहीत. अशा एखाद्या गिरणीचे नाव आढळले, तर कापडाच्या वयाचा अंदाज बांधता येतो आणि जपून वापरण्याजोगे काही हाती लागले, हेही कळते.

झिजेच्या ठरलेल्या जागा

प्रत्येक कपडा ठरलेल्या ठिकाणीच झिजतो. त्या जागा माहीत असल्या की एका मिनिटात निर्णय घेता येतो.

शर्ट व कुर्ता : कॉलरची घडी, मनगटपट्टी, कोपर आणि काख. कॉलर आणि मनगटपट्टी बदलता येते. काखेतील पिवळा, कडक झालेला डाग घाम आणि घामरोधक द्रव्यांतील ॲल्युमिनियमची संयुगे यांच्या मिश्रणातून बनतो. तो जुना झाला की सहसा निघत नाही. तेथील कापडही कमकुवत झालेले असते. त्यामुळे काख खराब असल्यास बाह्या काढून टाकण्याचा बेत असेल तरच शर्ट घ्यावा. पाठीचा भाग मात्र बहुतेक वेळा धडधाकट असतो.

पँट व जीन्स : बैठक, मांड्यांची आतली बाजू, गुडघा आणि पायाची दुमड. जीन्सच्या मांडीचे वरचे आणि पोटरीचे कापड झोळीसाठी सर्वांत टिकाऊ. ताणल्या जाणाऱ्या जीन्समधील रबरी धागा जुना होऊन सैल पडला असेल, तर गुडघ्यावर फुगवटा दिसतो. अशी जीन्स पिशवीलाही घेऊ नये, पिशवी लोंबते.

साडी : सहावारीत निऱ्यांचा खालचा काठ टाचेला व जमिनीला घासून विरतो, पदराला खांद्याजवळ सेफ्टी पिनेची भोके पडतात आणि कमरेशी खोचलेल्या भागावर ताण येतो. नऊवारीत कासोट्याच्या जागी झीज अधिक. फॉल लावलेला असेल तर तो थोडासा उसवून आतील काठ पाहावा. मूळ रंग तेथेच दिसतो आणि उरलेल्या साडीचा रंग किती उडाला, याचे ते अचूक माप असते.

कोट व जाकीट : अस्तर फाटलेले असणे हा दोष मानू नये, अस्तर नवे घालता येते. खांद्याचा आकार मात्र काटेकोर पाहावा. कोटाचा खांदा सुधारणे निष्णात शिंप्यालाही जिकिरीचे जाते आणि मजुरी कोटाच्या किमतीपेक्षा अधिक होते.

स्वेटर : कोपर, मनगट आणि गळा. हाताने विणलेला स्वेटर उसवून लोकर पुन्हा वापरता येते. मात्र यंत्रावर विणलेल्या लांब कापडातून कापून शिवलेला स्वेटर उसवला की हाती लोकरीचे आखूड तुकडेच येतात. बाजूची शिवण आतून पाहावी. तेथे कापलेली कडा व ओव्हरलॉकची टीप दिसली, तर उसवण्याच्या हेतूने घेऊ नये.

डाग, वास आणि कीड

सर्व डाग सारखे नसतात. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, म्हणून अनेक जण घाबरतात. पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवल्यास तो बराच फिका होतो. पांढऱ्या सुती कापडावरील लोखंडाचा गंज लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवल्यास निघतो, मात्र रंगीत कापडावर हा प्रयोग केल्यास रंगही जातो. रक्ताचा डाग थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने तो पक्का होतो.

पावसाळी हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, बंद कपाटात राहिलेल्या कपड्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते जुने असतील तर जात नाहीत, आणि वासही रेंगाळतो. ठिपक्यांचा भाग कापून टाकण्याइतके कापड शिल्लक राहत असेल, तरच विचार करावा. डांबरगोळ्यांचा वास मात्र त्रासदायक असला तरी चिंतेचा नाही, काही दिवस मोकळ्या हवेत ठेवल्याने तो ओसरतो.

लोकर आणि रेशीम यांना एका पतंगाच्या अळ्या खातात. लहान, अनियमित भोके आणि शिवणीत अडकलेले जाळीसारखे तंतू ही त्यांची खूण. खळ दिलेल्या सुती कपड्यांना कसर लागते. जुने भोक रफू करता येते; पण जिवंत कीड घरात आणली, तर आपल्या कपाटातील चांगल्या शाली आणि पैठण्या धोक्यात येतात. शंका असेल तेथे मोह आवरावा.

अंतर्वस्त्रे, मोजे आणि पोहण्याचे कपडे वापरलेले घेऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको.

कापड निघेल किती?

रूपांतराचा बेत बाजारातच ठरवावा आणि जवळ मोजपट्टी ठेवावी. शिवलेला कपडा जेवढा दिसतो, त्यापेक्षा त्यातून निघणारे सलग कापड पुष्कळच कमी असते. टक्स, चुण्या, खिसे आणि काजांची भोके वजा केली की हाती तुकडे उरतात. पुरुषाच्या मोठ्या मापाच्या शर्टात पाठ हाच सर्वांत मोठा अखंड तुकडा; त्यातून उशीच्या अभ्र्याची एक बाजू किंवा लहान मुलीच्या फ्रॉकचा घेर निघतो. कॉलर, बटणपट्टी आणि खिसा जसेच्या तसे नव्या कपड्यात वापरले, तर श्रमही वाचतात.

शिवणीच्या आत सोडलेले कापड, म्हणजे ‘माया’, किती आहे हे आवर्जून पाहावे. शिंप्याकडून शिवून घेतलेल्या जुन्या कपड्यांत माया भरपूर ठेवण्याची रीत होती, कारण कपडा पुढे वाढवायचा असे. तयार कपड्यांत ती जेमतेम असते. कपडा सैल करण्याचा बेत मायेवर अवलंबून असतो. घट्ट करणे केव्हाही सोपे. म्हणून दोन मापांपैकी मोठे माप निवडावे.

साडीइतके उदार कापड दुसरे नाही. सहावारी म्हणजे सुमारे साडेपाच मीटर, नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, आणि तेही न कापलेले. धडधाकट सहावारीतून अडीच मीटरचा कुर्ता आणि तेवढ्याच लांबीची ओढणी सहज होते. काठ कुर्त्याच्या घेराला आणि बाहीला लावावा, पदराचे नक्षीकाम पाठीवर किंवा ओढणीच्या टोकाला घ्यावे. इरकली साडीत मुख्य अंग सुती आणि काठ-पदर रेशमी असतील, तर दोन्ही भाग धुण्यात वेगवेगळे आटतात. म्हणून कापण्यापूर्वी ती एकदा धुऊन घेणे अनिवार्य समजावे.

जरी आणि पैठणी : कात्री लावण्यापूर्वी

जुन्या साड्यांच्या खरेदीत सर्वाधिक मोह असतो तो जरीकाठाचा. अस्सल जरीत चांदीची चपटी तार रेशमी धाग्यावर गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. त्याखालोखाल तांब्याच्या तारेची जरी येते. सध्या सर्वाधिक दिसते ती चमकणाऱ्या पॉलिस्टर पट्टीची. चांदीची जरी काळपट पडते आणि तांब्याची लालसर-हिरवट होते. प्लॅस्टिकची जरी मात्र चमकत राहते आणि ज्योतीजवळ नेताच वितळते. थोडक्यात, जुन्या साडीची काळवंडलेली जरी पाहून नाक मुरडू नये. ती अस्सल असण्याची शक्यताच अधिक!

या अस्सलपणानेच अनेक साड्यांचा घात केला आहे. जरी जाळून त्यातील चांदी काढण्याचा धंदा देशात दीर्घकाळ चालत आला. साडीची किंमत तिच्यातील धातूच्या वजनावर ठरली आणि कित्येक पिढ्यांचे विणकाम भट्टीत गेले. आज जुन्या साड्यांतून जाकिटे आणि पर्स शिवण्याची लाट आली आहे. तिने साड्या भट्टीपासून वाचवल्या हे खरे. पण अविचाराने चालवलेली कात्रीही भट्टीइतकीच निर्दय असते. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते, कापलेला पदर सांधता येत नाही.

म्हणून हातमागाची पैठणी ओळखता आली पाहिजे. तिच्या पदरावरील मोर, मुनिया, कमळ ही नक्षी रंगीत बाण्याचे धागे हाताने एकमेकांत गुंतवून विणलेली असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. यंत्रमागावरील नकलेत उलट्या बाजूला मोकळे सुटलेले धागे किंवा कापलेली टोके दिसतात. पैठण व येवल्याच्या या विणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. अशी पैठणी अखंड असेल, तर ती अजिबात कापू नये. किरकोळ फाटली असेल तर रफूगाराकडे न्यावी, मागून मलमलीचे अस्तर लावून घ्यावे आणि साडी म्हणूनच नेसावी. तिचे अंगच विरून गेले असेल आणि काठ-पदर शाबूत असतील, तेव्हाच ते सोडवून दुसऱ्या वस्त्रावर चढवावेत. हाच न्याय अस्सल पटोळे, जुनी बनारसी, हाताने भरलेली काश्मिरी शाल यांनाही लागू करावा. डोळ्यांना सवय व्हावी म्हणून पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा अहमदाबादचे १९४९ मध्ये स्थापन झालेले कॅलिको वस्त्रसंग्रहालय पाहून यावे. तेथे घालवलेला एक तास बाजारातील अनेक चुका टाळतो.

घरी आणल्यावर

आणलेला कपडा कपाटात थेट ठेवू नये. सुती व मिश्र कापडाचे कपडे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास उवा, खरजेचे किडे आणि ढेकूण मरतात. रंग जाण्याची शक्यता असेल, तर आधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा फडका घासून पाहावा. जे धुता येत नाही, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर वेगळे ठेवावे; उवा आणि खरजेचे किडे माणसाच्या अंगाबाहेर काही दिवसांपेक्षा अधिक जगत नाहीत. ढेकूण मात्र कित्येक महिने उपाशी राहू शकतात. त्यांची शंका असलेला कपडा आणूच नये. लोकरी कपडे पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या शीतकपाटात दोन आठवडे ठेवल्यास पतंगाची अंडीही नष्ट होतात.

आधी धुणे, मग उसवणे, मग इस्त्री आणि शेवटी कापणे हा क्रम मोडू नये. उसवताना कापड ओढू नये. एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढून काढावा. तुकड्यांवर उभ्या धाग्याची दिशा खडूने खुणावून ठेवावी. शिवणी उसवल्या की ती ओळखणे कठीण जाते, आणि तिरप्या धाग्यावर कापलेला कुर्ता पुढे एका अंगाने ओघळतो. नवे अस्तर किंवा जोडकाम घालायचे असेल, तर तेही आधी धुऊन आटवून घ्यावे. जुने कापड आटून स्थिर झालेले असते. नवे आटले की जोडावर चुण्या पडतात.

विरलेल्या तलम सुती कापडाला आजही गोधडीइतका चांगला उपाय नाही. थरांवर थर ठेवून घातलेला दाट धावदोरा कमकुवत कापडालाही एकमेकांचा आधार देतो. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि आपली वाकळ यांचे तत्त्व एकच. पॉलिस्टरच्या साड्या मात्र गोधडीत घालू नयेत. त्या घाम शोषत नाहीत.

हिशेब पैशांचा आणि माणसांचा

जुना कपडा स्वस्त असतो; त्याचे रूपांतर स्वस्त असेलच असे नाही. कपड्याची किंमत, धुलाई, अस्तर, दोरा-बटणे आणि शिंप्याची मजुरी यांची बेरीज तशाच नव्या कपड्याच्या किमतीशी ताडून पाहावी. अनेक शिंपी जुन्या कपड्याचे काम नाखुशीने घेतात, कारण उसवण्याचा वेळ मजुरीत धरला जात नाही. उसवून, धुऊन, इस्त्री करून कापड नेले तर काम लवकर स्वीकारले जाते. स्वतः शिवणाऱ्यांनी पहिले दोन-तीन प्रयोग साध्या शर्टावर करावेत. पहिलीच कात्री रेशमाला लावू नये.

आणखी एक हिशेब. घासाघीस हा या बाजाराचा रिवाज असला, तरी विक्रेत्याच्या हाती येणाऱ्या कपड्यामागे दारोदार फिरणे, धुणे, डाग काढणे, टाके घालणे असे कितीतरी हातांचे काम असते. निवासी संकुलांच्या दारावरील पहारे आणि फेकून द्यावेत असे स्वस्त कृत्रिम कपडे यांमुळे बोहारणीचे काम अवघड होत गेले आहे. आपल्याला जुने कपडे विकत हवे असतील, तर ते गोळा करणारी माणसेही या व्यवसायात टिकली पाहिजेत. आणि ज्यांचे काहीच करायचे नाही असे धडके कपडे वापराविना कपाटात साठवण्यापेक्षा बोहारणीला किंवा १९९९ पासून या क्षेत्रात काम करणाऱ्या ‘गूंज’सारख्या संस्थेला द्यावेत.

एवढे जरूर पाहा

• दिवसाच्या उजेडात, मोजपट्टी जवळ ठेवून खरेदी करा.
• कपडा पूर्ण उलगडून, उजेडासमोर धरून आणि दोन्ही दिशांनी हलके ताणून पाहा.
• काख, बैठक, कोपर, काठ आणि घडीच्या रेषा आधी तपासा.
• वाकडी शिवण, फाटके अस्तर, तुटलेली बटणे हे दोष चालतील. विरलेले कापड, बुरशी आणि कीड चालणार नाही.
• मोठे माप आणि भरपूर माया असलेला कपडा निवडा.
• त्यातून काय शिवायचे, हे पैसे देण्यापूर्वी ठरवा. बेत सुचत नसेल तर कपडा तेथेच ठेवा.
• धुतल्याशिवाय कापू नका.
• अखंड हातमागाच्या वस्त्राला कात्री लावू नका.